बोट डोंगर चढते, पण पाणी कुठून येतं? – वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी इंग्लंडमधल्या डिव्हायझेस गावाजवळच्या केन हिलवर लिहिलं होतं. ज्यांच्या हातात तो अंक आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तिथे केनेट अँड एव्हन नावाचा दोनशे वर्षांहून जुना कालवा आहे आणि तो डोंगराच्या उतारावरून वर चढतो, म्हणजे खरोखर चढतो, दोन मैलांत २३७ फूट, आणि त्यासाठी २९ लॉक, म्हणजे पाणी कोंडून बोट वर-खाली करणारे दोन्ही टोकांना दारं असलेले हौद, बांधलेली आहेत, त्यातली मधली १६ तर एका सरळ रेषेत. खालून बघितलं की देवळाच्या पायऱ्या वाटतात, प्रत्येक पायरीवर पांढऱ्या टोकांचे काळे लाकडी दांडे. मी स्विंडनला राहते आणि उन्हाळ्यात आठवड्यातला एक दिवस तिथे व्हॉलंटियर म्हणून उभी असते, बोटवाल्यांना दारं उघडायला मदत करायला. लेखावर भरपूर पत्रं आली, त्यातल्या काहींना इथे उत्तरं देते. बहुतेकांचा प्रश्न फिरून फिरून पाण्यावरच येतो आणि ते बरोबरच आहे.

ताई, मी नववीत आहे. बोट वर चढते म्हणजे तिला मागून कोणी ढकलतं का? आणि एवढी मोठी दारं माणसं हाताने उघडतात हे खरं वाटत नाही. – एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

अगं, कोणी ढकलत नाही, पाणीच उचलतं. घरी करून बघ. रिकाम्या बादलीत तळाला चार बोटं पाणी ठेव, त्यावर वाटी तरंगत सोड आणि नळ चालू कर. वाटी आपोआप बादलीच्या काठापर्यंत येते ना, बस, लॉक म्हणजे तेवढंच. दगड-विटांची लांबलचक बादली, साधारण ७२ फूट लांब आणि १४ फूट रुंद, दोन्ही टोकांना दारं. खालच्या बाजूने बोट आत येते, मागचं दार लावायचं, मग वरच्या बाजूचं पाणी आत सोडायचं. पाणी सुमारे आठ फूट चढतं, बोट त्याच्याबरोबर चढते, वरच्या कालव्याची आणि आतल्या पाण्याची लेव्हल एक झाली की वरचं दार उघडून बोट पुढे. उतरताना सगळं उलट.

आता पाणी सोडायचं म्हणजे दार उघडायचं असं नाही, तसं केलं तर अनर्थच होईल आणि मुळात ते उघडणारच नाही. दाराच्या बुडाशी एक खिडकी असते, काही ठिकाणी बाजूच्या भिंतीतून भुयारासारखी मोरी असते, तिच्यावर सरकती फळी, त्या फळीला पॅडल म्हणतात. ती वर उचलायला दात्यांचा रॅक असतो आणि तो फिरवायला एल आकाराचं लोखंडी हँडल, विंडलस. हे हँडल प्रत्येक बोटवाल्याच्या कमरेला खोचलेलं असतं. एकेक दाता वर चढताना खिटी टक टक टक वाजते, आणि सकाळी धुकं असेल ना तर तो आवाज चार लॉक खालपर्यंत ऐकू येतो.

दारं हाताने कशी उघडतात याचं उत्तर खूप सुंदर आहे. दाराची दोन कवाडं असतात आणि बंद केल्यावर ती सरळ रेषेत येत नाहीत, एकमेकांना टेकून इंग्रजी व्हीसारखा कोन करतात, कोनाचं टोक वरच्या पाण्याकडे. त्यामुळे वरचं पाणी जितका जोर लावेल तितकी ती एकमेकांवर घट्ट दाबली जातात. कडी नाही, कुलूप नाही, पाणीच दार लावून धरतं. लिओनार्डो दा विंचीच्या वह्यांमध्ये अशा दारांची चित्रं आहेत. आणि दोन्हीकडची लेव्हल अगदी समान झाली की तेच दार, टनांचं ओकचं लाकूड, तुझ्यासारखी मुलगीसुद्धा लांब दांड्याला पाठ टेकवून पाय रोवून हळूहळू ढकलू शकते. पण अर्धा फूट जरी फरक उरला ना, तर माझ्या हिशोबाने दारांवर मिळून टनभराहून जास्त भार राहतो, मग चार पैलवान आणले तरी हलत नाही. नवीन माणसं घाई करतात, दांड्यावर जोर लावून लालबुंद होतात. आम्ही सांगतो, थांबा, दार स्वतःच सांगेल. खरंच सांगतं, दोन कवाडांच्या मधल्या फटीतून पाण्याची पातळ रेघ दिसते आणि दांडा हाताखाली हलका होतो.

या सगळ्याची सुरुवात चीनमध्ये झाली हेही लिहून ठेव. ९८४ साली ग्रँड कॅनॉलवर तिथल्या एका अधिकाऱ्याने दोन दारांमधे पाणी कोंडायची युक्ती काढली, कारण त्याआधी धान्याच्या बोटी उतरणीवरून दोरांनी ओढाव्या लागायच्या, त्या फुटायच्या, आणि त्या गोंधळात सरकारी धान्य चोरीला जायचं.

मी पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो. निम्मी नोकरी गळती बुजवण्यात आणि टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला पाणी पोचवण्यात गेली. तुमच्या लेखात बोटींचं कौतुक आहे पण पाण्याचा हिशोब नाही. डोंगरमाथ्यावर पाणी आणलं कुठून? – एक वाचक, श्रीरामपूर

काका, तुमचं पत्र वाचून मला वाईट वाटलं, कारण तुम्ही म्हणता ते खरं आहे, मी तो हिशोब द्यायलाच हवा होता. लॉकची सगळी गोष्ट खरं तर हीच आहे, बोट हा नंतरचा भाग.

एक लॉक रिकामं केलं की ७२ गुणिले १४ गुणिले आठ फूट, म्हणजे जवळपास सव्वादोन लाख लिटर पाणी खालच्या टप्प्यात, म्हणजे दोन लॉकमधल्या कालव्यात, जातं. आपल्याकडच्या दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये मोजलं तर बावीस-तेवीस टँकर. एका बोटीसाठी. आणि हे पाणी परत वर जात नाही, ते उतरत उतरत शेवटी नदीला मिळतं. बोट माथा ओलांडून पलीकडे गेली तर एक लॉकभर पाणी या अंगाला आणि एक लॉकभर त्या अंगाला, म्हणजे माथ्यावरून दोन्हीकडे गळती सुरूच. म्हणून आम्ही बोटवाल्यांना सारखं सांगतो की जोडीने जा. इथल्या नॅरोबोटी सात फुटांच्या आत रुंद असतात, १४ फुटांच्या लॉकमधे दोन शेजारी शेजारी मावतात, पाणी तेवढंच आणि काम दोघांचं.

माथ्यावर नदी नाही. हा कालवा एकीकडे रेडिंगला टेम्स नदीच्या खोऱ्याशी आणि दुसरीकडे बाथला एव्हन नदीशी जोडलेला, मधे उंचवटा. मुळात विचार असा होता की माथा खालच्या लेव्हलला ठेवायचा आणि दोन मैलांहून लांब बोगदा खणायचा, पण विल्यम जेसप या इंजिनियरने सल्ला दिला की कालवा वरून न्या, बोगद्याचा खर्च आणि वर्षं वाचतील, पाणी मात्र वाफेच्या पंपाने चढवावं लागेल. जॉन रेनी मुख्य इंजिनियर होता, त्याने ते केलं. बोगदा तरीही एक झालाच, ५०२ यार्डांचा, कारण सॅव्हरनेकच्या जमीनदाराला आपल्या जमिनीत उघडी खोल चर नको होती. तुम्हाला भूसंपादनाचे किस्से आठवले असतील.

मग क्रॉफ्टनला पंपघर बांधलं. तिथल्या झऱ्यांचं पाणी माथ्याच्या सुमारे ४० फूट खाली, ते वाफेच्या इंजिनाने वर चढवायचं. काका, तिथलं एक इंजिन १८१२ सालचं, बोल्टन अँड वॉट कंपनीचं, आणि ते आजही जागच्या जागी उभं राहून आपलं मूळचं काम करू शकतं, असं जगातलं हे सगळ्यात जुनं बीम इंजिन. रोजचं काम आता विजेचे पंप करतात, पण वर्षातले काही दिवस ठरवून बॉयलर पेटवतात. मी दोनदा गेले आहे. आत शिरलं की गरम तेलाचा आणि कोळशाचा वास, आणि वरच्या मजल्यावर तो अवजड लोखंडी बीम सीसॉसारखा हलतो, एवढा मोठा असून आवाज मात्र दम घेतल्यासारखा, हुश्श, थांबतो, मग पुन्हा हुश्श. बाहेर प्रत्येक हुश्शाबरोबर पाण्याचा लोंढा पाटात पडतो. आपल्याकडे मोटेचं पाणी थारोळ्यात पडायचं तसंच अगदी, माझ्या आजोळी विहिरीवर थारोळं होतं, मोट मी पाहिली नाही पण आजी सांगायची, त्याचीच आठवण झाली. बाथच्या बाजूला क्लेव्हर्टनला तर कोळसाही नको, नदीच्याच प्रवाहावर पाणचक्की फिरते आणि तीच नदीचं पाणी सुमारे ४८ फूट वर कालव्यात फेकते, १८१३ पासूनची व्यवस्था.

आता केन हिल. तिथे चढ इतका उभा की दोन लॉकमधे कालव्याला लांबी मिळतच नाही. तुम्हाला लगेच कळेल काय अडचण होते ती, मधला टप्पा लहान असला तर एक लॉक भरायला पाणी काढलं की टप्पाच कोरडा पडायचा, बोट चिखलात बसायची. लांबी नाही म्हणून रेनीने रुंदी घेतली. प्रत्येक दोन लॉकच्या मधल्या टप्प्याला बाजूला मोठं तळं काढून दिलं. वरून काढलेल्या फोटोत लॉकची शिडी आणि तिच्या एका बाजूला ओळीने तळी दिसतात ती हीच, शोभेसाठी नाहीत, ती साठवणूक आहे. आज त्यात हंस आणि वेत-लव्हाळं, त्यामुळे लोकांना बाग वाटते.

आणि १९९६ पासून डोंगराच्या पायथ्याशी फॉक्सहँगर्सला पंप बसवलाय जो खाली आलेलं पाणी पाइपने पुन्हा वर नेतो, त्याची क्षमता दिवसाला सुमारे ३ कोटी २० लाख लिटर, म्हणजे दर दहा-अकरा मिनिटांना एक लॉक भरेल इतकं.

गळतीचंही विचारलंत. कालव्याच्या तळाला आणि कडांना चिकणमाती पाण्यात तुडवून तुडवून तिचा जाड थर द्यायचे, ती ओली राहिली तोवर पाणी झिरपत नाही, सुकली की तडे जातात आणि मग कालवा गेलाच. तुडवायला कधी कधी गुरंही हाकायचे. भातखाचरात आपण चिखलणी करतो ती याचसाठी ना, तळातून पाणी निसटू नये. मला वाटतं चिखलणी हाच शब्द इथेही चालावा. लॉकच्या भिंतींच्या विटा मात्र तिथल्याच, केन हिलच्या शेजारीच मातीची खाण आणि वीटभट्टी होती.

लॉकला मराठीत काय म्हणायचं? कुलूप तर नक्की नाही. – एक वाचक, सांगली

नाही, कुलूप नाही. जलपाश हा शब्द वाचनात येतो, मला तो पुस्तकी वाटतो, फासात अडकल्यासारखा. मी लॉकच लिहिते. पण एका भागाला आपला शब्द चपखल बसतो तो सांगते. वरच्या दाराखाली दगडाची जी आडवी पायरी असते, जिच्यावर दार टेकतं, तिला सरळ उंबरठा म्हणा, इंग्रजी शब्दाचाही अर्थ तोच आहे. आणि हा उंबरठा लक्षात ठेवा, पुढच्या उत्तरात लागणार आहे.

आम्ही मूळचे पेडण्याचे, आता स्विंडनमध्ये. मे महिन्यात मुलांना घेऊन केन हिलला गेलो तेव्हा एका बोटीवरच्या बाई जोरात ओरडत होत्या आणि वरचा माणूस धावत जाऊन हँडल फिरवत होता. नक्की काय झालं होतं? आपण बघे म्हणून मदत करावी का? – एक वाचक, स्विंडन

तुम्ही लिहिलंय की बोट खाली उतरत होती आणि तिचं मागचं टोक वर राहिल्यासारखं दिसत होतं. मग ते उंबरठ्याचंच. लॉक भरलेलं असताना वरच्या दाराखालचा उंबरठा पाण्याखाली असतो, दिसत नाही. पाणी उतरायला लागलं की तो उघडा पडतो, काठावर पांढरी खूण रंगवलेली असते की बोट याच्या पुढे ठेवा. बोट थोडी मागे सरकली आणि तिचं बूड त्या दगडावर टेकलं तर पुढचा भाग पाण्याबरोबर खाली जातो आणि मागचा अडकून राहतो, बोट तिरकी होते, मिनिटभरात पाणी आत शिरून बुडूही शकते. त्या बाईंनी ओरडून सांगितलं आणि त्या माणसाने खालची पॅडल्स लगेच बंद केली, दोघांनीही अगदी बरोबर केलं. खालची बंद झाल्यावर मग वरून हळूहळू पाणी घेऊन बोट पुन्हा उचलायची. रॅकवरून हात सोडून पॅडल धाडकन पडू द्यायचं नाही एरवी, पण जीव वाचवायचा असेल तर तेही चालतं.

मदत जरूर करा, पण विचारून. दांडा ढकलायला हात लागला तर कोणीही खूश होतं. हँडलला मात्र बोटवाल्याने सांगितल्याशिवाय हात लावू नका आणि मुलांना तर मुळीच नाही, खिटी निसटली की हँडल उलटं गरगर फिरतं, मनगट मोडतं. दारांच्या वरून पलीकडे जायला फळी असते तिच्यावरून पळायचं नाही, ओल्या लाकडावर शेवाळ असतं.

पण मला अपघातापेक्षा जास्त त्रास कशाचा होतो सांगू का. विसरलेल्या पॅडलचा. मागच्या वर्षी सप्टेंबरमध्ये सकाळी आठला मी पोचले तर मधला एक टप्पा रिकामा. म्हणजे कालवाच नाही, नुसता काळा चिखल, मधे पाण्याची वीतभर धार, बाजूच्या तळ्यातलं पाणी उतरून कडेची लव्हाळी उघडी, आणि एक बगळा निवांत शिंपले शोधतोय. आदल्या दिवशी कोणाचं तरी खालचं पॅडल दोन दाते वर राहिलं होतं, बस दोनच दाते, तेवढ्या फटीतून रात्रभरात लाखो लिटर गेलं. आम्ही तिघं होतो, वरच्या टप्प्यातून थोडं थोडं पाणी खाली सोडायचं, मग त्याच्या वरच्यातून त्याला, एकदम नाही, नाहीतर वरचाही रिकामा होतो. सगळ्या टप्प्यांची लेव्हल पुन्हा जागेवर यायला दुपार झाली. तोवर खाली चार बोटी थांबलेल्या, त्यातल्या एका म्हाताऱ्या जोडप्याने आम्हाला चहा आणून दिला, ओट्सची घरची बिस्किटं पण होती. त्या दिवसापासून मी प्रत्येक लॉक सोडताना मागे वळून चारही पॅडल्स डोळ्यांनी बघते, आणि मोठ्याने मोजते सुद्धा, एक दोन तीन चार, मराठीत.

रेल्वे आल्यावर हे सगळं निरुपयोगी झालं असेल. मग एवढा खर्च करून राखायचं कशाला? – एक वाचक, पुणे

झालं, निरुपयोगी झालं, आणि फार लवकर. कालवा १८१० मधे पूर्ण सुरू झाला, केन हिलचं काम सगळ्यात शेवटी संपलं, तोवर डोंगरावर माल चढवायला घोड्यांची ट्रामवे होती. १८२९ पासून तर रात्रीही बोटी जाव्यात म्हणून लॉकच्या कडेला गॅसचे दिवे लावले होते, इतकी वर्दळ. आणि १८४१ मधे लंडन ते ब्रिस्टल रेल्वे सुरू झाली. अकरा वर्षांत त्याच रेल्वे कंपनीने कालवा विकत घेतला. प्रतिस्पर्धी विकत घेतल्यावर त्याची निगा कोण कशाला राखेल. हळूहळू गाळ साचला, दारं कुजली, १९४८ ला सरकारी मालकी आली आणि पन्नाशीच्या दशकात बरेच भाग बंद झाले. केन हिलची लॉक्स कोरडी पडली, आत झुडपं उगवली.

तो कायमचा बंद होऊ नये म्हणून १९५६ मधे वीस हजारांहून जास्त लोकांनी सह्या करून राणीला अर्ज दिला. पुढे १९६२ मधे ट्रस्ट झाला आणि तीसेक वर्षं सामान्य लोक शनिवार-रविवार येऊन फावड्याने चिखल काढत राहिले, शाळकरी मुलं, पेन्शनर, कोणीही. ऑगस्ट १९९० मधे राणी एलिझाबेथ स्वतः केन हिलला आली आणि कालवा पुन्हा सुरू झाला. १९५६ ला सही करणारे काही जण त्या दिवशी काठावर असतील असं मला नेहमी वाटतं.

कशाला राखायचं, तर माझं उत्तर असं की ते अजून चालतं. वस्तुसंग्रहालयात काचेमागे नाही, रोज चालतं. लॉकचं ओकचं दार साधारण पंचवीस वर्षं टिकतं, म्हणजे १९९० ची दारंसुद्धा बदलायची वेळ येऊन गेली, आणि ती बनवायला देशात ब्रॅडली आणि स्टॅन्ली फेरी अशा दोन कार्यशाळा आहेत जिथे सुतार आजही प्रत्येक लॉकच्या मापाने वेगळं दार घडवतात, कारण दोनशे वर्षांत भिंती कलल्यात आणि एकाचं दार दुसऱ्याला बसत नाही. ही कला वापरली नाही तर एका पिढीत जाईल. आपल्याकडे बारवा आणि पाण्याच्या जुन्या नहरी गाळाने भरल्या त्यांचं काय झालं ते तुम्ही पुण्यात बसून रोज बघताय.

लेक रेडिंगला असते, एप्रिलमध्ये तीन महिने जाणार आहे. माझं वय ६६, गुडघे दुखतात. मला हे बघता येईल का, आणि बोट चालवायला लायसन्स लागतं का? – एक वाचक, नाशिक

मावशी, नक्की बघता येईल, आणि तुमची लेक तर याच कालव्याच्या एका टोकाला राहते! रेडिंगलाच तो टेम्सला मिळतो. डिव्हायझेसला रेल्वे स्टेशन नाही, पूर्वी होतं ते बंद झालं, त्यामुळे जावई गाडीने नेत असतील तर उत्तम, नाहीतर रेल्वेने चिपनहॅम किंवा ट्रोब्रिजला उतरून बस. बघायला सुरुवात वरून करा. वरच्या अंगाला गाडी लावायला जागा आहे, चहाचं दुकान आहे, तिथल्या बाकावर बसलं की सोळा लॉक पायाखाली पसरलेली दिसतात. काठाची पायवाट पूर्वी बोटी ओढणाऱ्या घोड्यांसाठी होती म्हणून पायऱ्या नाहीत, उतार आहे, पण खाली गेलात की तेवढंच वर यायचंय हे गुडघ्यांना आधी विचारा. चार लॉक उतरून परत या, पुष्कळ झालं.

सुट्टीसाठी बोट भाड्याने घ्यायला लायसन्स लागत नाही, बोट देणारे तासभर शिकवतात. पण पहिल्यांदाच आणि केन हिल, हे मी सांगणार नाही. सगळी २९ लॉक पार करायला पाच-सहा तास लागतात आणि प्रत्येक ठिकाणी दांडे ढकलायचे. त्यापेक्षा रेडिंगहून रेल्वेने बेडविनला जा, तिथून काठाकाठाने दीडेक मैल सपाट चालत क्रॉफ्टनचं पंपघर येतं. बॉयलर कुठल्या दिवशी पेटणार ते आधी बघून घ्या, थंड इंजिन बघण्यात आणि चालू इंजिन बघण्यात जमीनअस्मानाचा फरक आहे.

मुलगा मर्चंट नेव्हीत आहे, पनामा कालव्यातून गेला तेव्हा त्याने व्हिडिओ कॉल करून दाखवलं होतं. हे तेच का? आणि भारतात असं काही नाहीच का? – एक वाचक, डोंबिवली

तेच, फक्त आकार वेगळा. पनामात जहाज गाटून तलावापर्यंत २६ मीटर चढतं आणि पलीकडे उतरतं, कोन करणारी दोन कवाडं तिथेही आहेतच. आणि दुखणंही तेच आहे, पाणी. एका जहाजामागे जवळपास २० कोटी लिटर गोडं पाणी समुद्रात जातं, ते सगळं पावसाचं. २०१६ मधे जी नवीन मोठी लॉक्स सुरू झाली त्यांना शेजारी टाक्या दिल्या, त्यामुळे ६० टक्के पाणी पुन्हा वापरता येतं, तरी २०२३ च्या दुष्काळात जहाजांची संख्या कमी करावी लागलीच. श्रीरामपूरच्या काकांनी हे वाचावं.

भारतात आहेत की. आपल्या नाशिकच्या गोदावरीचंच घ्या, ती त्र्यंबकेश्वरला उगम पावते आणि पार आंध्रात राजमहेंद्रीजवळ दवळेश्वरमला पोचते, तिथे आर्थर कॉटनने १८५२ मधे बंधारा पुरा केला, त्यातून निघालेल्या कालव्यांवर शेतीचं पाणीही जायचं आणि लॉकमधून मालाच्या होड्याही. उत्तरेतल्या १८५४ च्या गंगा कालव्यावरही बोटींसाठी लॉक्स बांधली होती. फराक्काला गंगेवर आजही लॉक आहे. महाराष्ट्रात दख्खनच्या नद्या उन्हाळ्यात आटतात, आपले कालवे शेतीसाठी काढले, त्यावर बोटी चालवायचा विचारच नव्हता.

पण तुमच्या अगदी जवळ एक आहे आणि ते फार थोड्या लोकांना माहीत असतं. मुंबईचा इंदिरा डॉक. आधीचं नाव अलेक्झांड्रा डॉक, १९१४ मधे सुरू झाला, पनामा कालवा उघडला त्याच वर्षी. मुंबईला भरती-ओहोटीत पाणी कित्येक फूट वरखाली होतं, ओहोटीला धक्क्यावरचं जहाज खाली जाऊन चिखलात टेकेल, म्हणून डॉकच्या आतलं पाणी कोंडून एकाच लेव्हलला ठेवलंय आणि समुद्राकडच्या तोंडाला लॉक आहे, ७५० फूट लांब आणि १०० फूट रुंद. जहाज आत येतं, मागचं दार लागतं, लेव्हल जुळते, पुढचं दार उघडतं. केन हिलची दहा लॉक एकामागे एक ठेवली तर लांबीत साधारण तेवढी होतील. मुलगा पुढच्या वेळी मुंबईत जहाजावर चढणार असेल तर त्याला विचारा इंदिरा डॉकमधून निघणार का, आणि निघणार असेल तर लॉकमधे जहाज थांबलेलं असताना भिंतीकडे बघायला सांगा, ओल्या दगडावर पाणी कुठपर्यंत होतं त्याची रेघ दिसते. केन हिलला मी ती रेघ बघूनच ओळखते की दार आता उघडेल.